पाय न उचलता

१

व्हेस्तिनच्या गढीत शिरणाऱ्या प्रत्येकाला आधी सपाता घालाव्या लागत. देवडीतल्या लाकडी पेटीत करड्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, सपातांचा ढीग असे. बूट काढायचे नाहीत, बुटांवरूनच सपाता चढवायच्या, मागचा पट्टा ओढायचा आणि आत सरकायचं. भल्याभल्यांची त्यात बदकं होत. पोरं घसरगुंडी खेळत. चेक देशातल्या मोराविया प्रांतात बहुतेक गढ्यांत हीच पद्धत होती. जुन्या लाकडी जमिनीवर ओरखडे उठू नयेत म्हणून. रादका रोज सकाळी पेटी उघडून सपाता झटकायची, तेव्हा तिच्याही मनात कधी दुसरा विचार आला नव्हता.

रादका गावच्या सुताराची मुलगी. ब्रनो शहरात इतिहास शिकली, तिथे राहू शकली असती, पण परत आली. गढी गावाला दाखवायची तर ती गावच्याच माणसाने दाखवावी, असं तिचं म्हणणं. दाखवताना ती कुणाची भीडभाड ठेवत नसे.

ती सांगायची, आधी हा नुसता किल्ला होता. कड्यावर बुरूज, भोवती खंदक, भिंतीत मारा करायच्या जंग्या आणि मधे खोलगट असा खालचा चौक. पुढे तोफा आल्या आणि किल्ल्याचं काम संपलं. मग येरोनिम नावाच्या सरदाराला सुखात राहायची हौस आली. त्याने खंदक बुजवला, जंग्या फोडून खिडक्या केल्या, खालचा चौक दगडमातीने भरून काढला आणि त्यावर हा मोठा दिवाणखाना बांधला. सगळं वेठीने. ज्यांनी दगड वाहिले त्यांची नातवंडं-पतवंडं पुढे चारशे वर्षं या दारात आली ती टोपी हातात धरून. गढी सांभाळणाऱ्या गावच्या संस्थेच्या माहितीपुस्तकात येरोनिमला ‘कलाप्रेमी’ म्हटलं होतं. रादका तेवढा शब्द मोठ्याने वाचायची आणि गप्प उभी राहायची. लोक हसायचे.

चौक भरायच्या कामाला मात्र गावचे मजूर घेतले नव्हते, लांबून आणले होते. का, ते कुठेच सापडत नाही. गावचे फार शिव्या देत असतील, असं रादका म्हणायची.

त्या वसंतात दिवाणखान्यातली घराण्याची चित्रं साफ होऊन परत आली. शेकडो वर्षांचा मेणबत्त्यांचा धूर निघाला, चेहरे उजळले, आणि इतके दिवस खालच्या काळोखात बुडालेले पाय पहिल्यांदा दिसले. पहिला येरोनिमच होता. कमरेला तलवार, अंगावर जरीचा अंगरखा, हातात घोड्याला टोचायचे टाचेचे काटे. पायात करड्या सपाता. त्याच्या मुलाच्या पायात सपाता. सुनेच्या झग्याखालून दोन करडी टोकं. पुढच्या पिढीतल्या, लग्नाच्या पोशाखातल्या नवऱ्यामुलाच्याही पायात तेच.

गढ्या लोकांना दाखवायला लागून कुठे शंभर वर्षं होतायत. त्याआधी जमिनीची काळजी करायला पाहुणे नव्हतेच. जमीन त्यांची, बूटही त्यांचे.

रादकाने त्याचाही विनोद केला. “हे लोक आपल्याला घाबरायचे नाहीत, राजाला घाबरायचे नाहीत,” ती म्हणायची, “पण स्वतःच्या जमिनीला घाबरायचे.” यावर सगळ्यात जास्त हशा पिकायचा.

२

घराण्यातलं शेवटचं माणूस देवडीच्या वरच्या दोन खोल्यांत राहत होतं. काउंटेस ओटिलिया. कम्युनिस्ट राजवट गेल्यावर सरकारने गढी मूळ मालकांना परत दिली, तेव्हा ती व्हिएन्नाहून एक ट्रंक आणि एक शिवणयंत्र घेऊन आली. गढी तिने दाखवण्यासाठी गावच्या संस्थेला सोपवली आणि आपल्याला या दोनच खोल्या ठेवल्या. लोक तिला बाईसाहेब म्हणत. थोडं मानाने, थोडं खोचकपणे. ऐंशी पार केलेली, काटकुळी बाई. हिवाळाभर सपाता शिवायची. विकत मिळतात म्हटलं तर म्हणायची, विकतच्यांचे तळ पातळ असतात. तिच्या खोल्यांत गालिच्यावर गालिचा, त्यावर आणखी एक गालिचा होता. तिथे चालताना पीठ तुडवत चालल्यासारखं वाटे.

ऑगस्टच्या शेवटी रादका तिच्याकडे गेली. गेली तीन वर्षं ती एका गोष्टीसाठी भांडत होती. सप्टेंबरच्या जत्रेत गावची तरणी पोरं वेर्बुंक नाचतात. पूर्वी पलटणीत भरती होताना नाचायचे तो हा नाच. सगळा जीव टाचेत, उडी आणि ठोका, उडी आणि ठोका. तो नाच यंदा गढीच्या दिवाणखान्यात व्हायला हवा होता. टोपी घालून आणि बूट घालून. गावाला तिने शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द फिरवणाऱ्या माणसांचा तिला तिटकारा होता. संस्थेने अखेर होकार दिला होता. म्हाताऱ्या बाईच्या कानावर घालायचं तेवढं राहिलं होतं.

“करा की,” बाईसाहेब म्हणाली. “मी सगळ्यांना नव्या सपाता शिवून देते.”

“वेर्बुंक आहे, बाईसाहेब. बूट घालून नाचतात.”

सुई थांबली. “सपाता घालून नाचा.”

“सपाता घालून वेर्बुंक म्हणजे कोंबड्याची चोच बांधून म्हणायचं, आरव.”

“मग नका आरवू.”

रादकाला हे अपेक्षितच होतं. तिने शांतपणे सांगितलं, की गावाने चारशे वर्षं या घरात आवाज न करता वावरून दाखवलं, आता एक दिवस आवाज केला तर भिंती पडणार नाहीत. बाईसाहेबने ते पुरतं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि खसखस भरलेल्या गोड पावांची, कोलाच्यांची, बशी तिच्यापुढे सरकवली.

“माझे वडील अगदी तुझ्यासारखे होते,” ती म्हणाली. “पुस्तकं वाचायचे. सगळी माणसं सारखी म्हणायचे. एका जत्रेला त्यांनी गावच्या पोरांना आत बोलावलं आणि त्यांच्याबरोबर स्वतः नाचले. बूट घालून. मी जिन्यावर बसून बघत होते.”

“मग?”

“मग काही नाही. नाच छान झाला. फक्त त्यानंतर ते जिथे बसतील तिथे पाय वर घेऊन बसायचे. जेवताना, चर्चमध्ये, आगगाडीत. मरेपर्यंत.”

“संधिवात असेल.”

“आम्हीही तेच सांगायचो लोकांना.”

रादकाने विचारलं, मधल्या राजवटीत काय लोक इथे सपाता घालून हिंडत होते? बाईसाहेब हसली. त्या लोकांनी दिवाणखान्यात पलटणीच्या गाद्या भरून ठेवल्या होत्या, पार छतापर्यंत. त्यांचे तिच्यावर तेवढे एकच उपकार.

“मी तुला नाही म्हणू शकत नाही,” ती शेवटी म्हणाली, “दिवाणखाना संस्थेकडे आहे. पण पोरी, मी चालायला शिकले तेव्हा आज्जीनं पहिली गोष्ट हीच शिकवली. पाय उचलायचा नाही. घसरत चालायचं. का, ते तिलाही माहीत नव्हतं. तिला तिच्या आज्जीनं सांगितलं होतं.”

जिना उतरताना रादका चिडलेली होती. कारण माहीत नसताना पिढ्यान् पिढ्या पाळलेल्या गोष्टींनीच या जगाची वाट लावली आहे, असं तिचं ठाम मत होतं.

३

जत्रेच्या तयारीसाठी दिवाणखाना प्रवाशांना बंद केला. शनिवारी उतरत्या दुपारी पोरं तालमीला आली. पुढे रादकाचा धाकटा भाऊ व्हेंदा. यंदाचा जत्रेचा मानकरी तोच. त्याच्या टोपीला सगळ्यात लांब पीस लागायचं होतं. बापाच्या सुतारकामात राबून मिळालेल्या पैशांतून त्याने नवे काळे बूट शिवून घेतले होते, गुडघ्यापर्यंतचे, टाचेला लोखंडी नाल मारलेले. देवडीत पोरं सवयीने पेटीकडे वळली.

“ए, आज नाही,” रादका म्हणाली. “आज तसेच चला.”

क्षणभर कुणीच हललं नाही. मग व्हेंदाने दारात एक पाय आत टाकला, नाल वाजली, आणि त्याने मागे वळून डोळा मारला. “ताई, सरदार खाली येऊन कानफटात मारणार बघ.”

“येऊ दे. बघायचंच आहे मला.”

पश्चिमेच्या खिडक्यांतून ऊन आडवं आत आलं होतं. चारशे वर्षं लोकरीने घासलेली ती जमीन तळ्यासारखी चकाकत होती. तीत खिडक्या उलट्या दिसत होत्या, पोरं उलटी दिसत होती. व्हायोलिन सुरू झालं. आधी हळू, गाणं म्हणत, मग एकाएकी जलद. पोरं उडाली. सगळ्यांच्या टाचा एकदम खाली आल्या तेव्हा चित्रांच्या चौकटी थरथरल्या, आणि रादकाचे डोळे भरून आले. तिला लाज वाटली नाही. तिला येरोनिमकडे बघून हसावंसं वाटलं.

नाच संपला. शेवटची उडी, शेवटचा ठोका. पोरं हात वर करून उभी राहिली.

मग आणखी एक ठोका आला.

एकटा, जरा उशिरा, जरा जड. कुणीतरी चुकलं म्हणून सगळे हसले. “कोण रे तो मागे राहिलेला?” व्हेंदाने विचारलं, आणि प्रत्येकाने शेजाऱ्याकडे बोट दाखवलं. पुन्हा नाचले. पुन्हा सगळे थांबले, आणि पुन्हा तो एक ठोका मागून आला. आता पोरांना मजा वाटायला लागली. घुमतंय, ते म्हणाले. खाली पोकळी असणार, जुनं तळघर असणार, त्यात सरदाराने दारूची पिंपं ठेवली असणार. व्हेंदाने दोन ठोके मारून पाहिले. दोन आले. सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या.

रादकाही हसली. पण तिला एक गोष्ट माहीत होती आणि त्या पोरांना नव्हती. गेल्या साली कोपऱ्यातल्या कुजलेल्या फळ्या बदलताना ती स्वतः गुडघ्यांवर बसून आत बघत होती. फळ्यांखाली तुळया होत्या आणि तुळयांना भिडून, जुन्या चौकात भरलेली ती घट्ट ठासलेली दगडमाती. बापाने पहार घातली तर पहार वाकली. घुमायला खाली बोटभरही जागा नव्हती.

४

सोमवारी गढी बंद असते. रादका सकाळीच गेली. तिला भीती वाटत नव्हती. तिला कोडं पडलं होतं, आणि कोड्यावर बसून राहणाऱ्यांतली ती नव्हती. बुटांत, सपातांशिवाय, ती दिवाणखान्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि टाचेने एक ठोका मारला.

टक्.

बाहेर कुठेतरी ट्रॅक्टर चालला होता. तो आवाज लांब गेला. मग तिच्या पावलाखाली, बरोबर टाचेच्या खाली, टक्.

तिने मनाशी मांडणी केली. लाकूड जुनं आहे. दाबलेली तुळई परत उठते, तिचा आवाज. सगळ्या दगडी इमारती बोलतात. ती खिडकीजवळ गेली आणि तिथे ठोका मारला. उत्तर खिडकीजवळ आलं. चार पावलं चालून थांबली. ती थांबल्यावर खालून चार पावलं झाली, एकामागून एक, तिच्याच चालीने. डावा पाय ती जरा ओढून टाकते. लहानपणी सायकलवरून पडली तेव्हापासून. खालचंही डावं पाऊल ओढून पडलं.

तुळई एका जागची उठते. ती चालत नाही.

रादका बराच वेळ उभी राहिली. काही करायचं नाही, असं तिने ठरवलं. खालीही काही झालं नाही. पण ती शांतता रिकाम्या खोलीची वाटेना. दुसऱ्या खोलीत कुणी आपलं बोलणं ऐकायला श्वास धरला की जसं वाटतं, तसं काहीसं.

मग तिने देवडीतून सपाता आणल्या, चढवल्या, आणि पाय न उचलता सरकत पूर्ण दिवाणखाना पार केला. कडेकडेने, मधून, तिरकी. काही नाही. थांबली, वाट बघितली. काही नाही. आणि तेव्हा मात्र तिने वर चित्रांतल्या पायांकडे पाहिलं. इतकी वर्षं आपण ज्याला जमिनीची काळजी म्हणत होतो, ती जमिनीची नव्हती.

हा विचार तिने लगेच खोडून काढला. घरी जाताना तिने त्या आवाजाची तीन वेगवेगळी कारणं शोधून काढली आणि एकही तिला पटलं नाही. वाटेत देवडीच्या खिडकीत बाईसाहेब बसली होती. तिने काही विचारलं नाही. रादकाच्या पायांकडे पाहिलं आणि तिथल्या सपाता पाहून मान हलवली, एवढंच. रादकाला कळलं, की त्या काढायला आपण विसरलोय.

५

गुरुवारी संध्याकाळी, उजेड असतानाच, व्हेंदा एकटा तालमीला आला. जत्रेत मानकऱ्याने एकट्याने नाचून सुरुवात करायची असते. त्याला ती नीट बसवायची होती. रादकाने त्याला मंगळवारपासून दोनदा सांगून पाहिलं होतं, की गावच्या चौकात नाचू या, इथे नको. कारण विचारल्यावर तिला ते सांगता येईना. “ताई, तूच तीन वर्षं डोकं खाल्लंस सगळ्यांचं,” तो म्हणाला. “आता तुलाच बाईसाहेब चावली काय?”

म्हणून ती त्याच्यासोबत आली. सपाता घालून. व्हेंदा ते बघून हसला. ती खिडकीच्या रुंद दगडी कठड्यावर बसली.

त्याने स्वतःच गाणं धरलं आणि सुरू झाला. उडी, ठोका. मागून ठोका. त्याला ते आवडलंच. “ऐक, ऐक कसा मागे मागे येतोय गडी,” म्हणाला. त्याने चाल बदलली, खालच्याने बदलली. त्याने तीन ठोके भरभर टाकले, खालून तीन आले, आता फारसे उशिरा नाहीत. व्हेंदाला जोर चढला. नाचणाऱ्याला बरोबरीचा भेटला की चढतो तसा. “दमलास का? ये की. ये.” तो उडायचा, हवेत मांडीवर थाप मारायचा, खाली यायचा, आणि आता दोन्ही ठोके एकदम पडत होते. एकच आवाज, पण दुप्पट जाड.

रादका कठड्यावरून उतरली. तिने त्याला हाक मारली. तो हसत होता.

मग ठोका आधी आला.

व्हेंदा अजून हवेत होता. खाली ठोका पडला, आणि त्यानंतर त्याची टाच जमिनीला लागली. पुढच्या वेळी पुन्हा तसंच. खालून दोन ठोके; मग त्याचे दोन. खालून एक लांब, डावीकडे. मग तो डावीकडे. गाणं बंद झालं होतं. तो हसत नव्हता. त्याची मान ताठ होती आणि डोळे तिच्यावर लागले होते, वाहत्या पाण्यात पडलेला माणूस काठाकडे बघतो तसे, आणि कमरेखाली त्याचे पाय सुरेख, बिनचूक नाचत होते. ही चाल वेर्बुंकची नव्हती. फार संथ होती. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, मग वळण, मग परत. कोंडलेलं माणूस चालतं तशी.

रादका धावली नाही. धावली असती तर पाय उचलावा लागला असता. ती सरकत त्याच्यापर्यंत गेली, त्याला मागून कवेत घेतलं, उचललं. लहानपणी उचलायची तसं. तो जड होता, कसा उचलला गेला ते तिला नंतरही कळलं नाही. त्याचे पाय जमिनीवरून सुटले आणि तो मोकळा रडू लागला. तसंच ओढत तिने त्याला कठड्यावर बसवलं. वाटेत एक बूट आपसूक निसटून दिवाणखान्याच्या मधे राहिला. दुसरा तिने कठड्यापाशी ओढून काढला आणि कुठे टाकावा ते न सुचून पहिल्याकडे सरकवून दिला. तो घसरत गेला आणि जोडीला जाऊन थांबला. दोन काळे बूट, रिकामे, शेजारी शेजारी उभे.

ऊन आडवं होतं. जमीन तळ्यासारखी होती. त्या बुटांच्या खाली उलटे बूट दिसायला हवे होते.

तळव्याला तळवा लावून तिथे दोन अनवाणी पाय होते. मातकट. बोटं पसरलेली, खूप चालल्यावर पसरतात तशी. घोट्यापर्यंतच दिसत होते. त्याखाली लाकडाचा रंग दाट होत गेला होता. रादका बघत राहिली. खिडक्यांची प्रतिबिंबं जागच्या जागी होती, चित्रांची होती. डोळ्यांना काहीच झालं नव्हतं.

डाव्या पायाची टाच हळूच उचलली गेली, वाट बघत असल्यासारखी. वरचा बूट हलला नाही.

“पाय वर घे,” ती व्हेंदाला म्हणाली.

त्याने आधीच घेतले होते.

६

तिने त्याला पाठुंगळी घेऊन बाहेर आणलं. देवडीत आल्यावर तो एकदाच बोलला.

“माझे बूट?”

“राहू देत.”

शुक्रवारी तिने हुबाचेकच्या गुत्त्यात सगळ्या गावासमोर सांगितलं, की नाच दिवाणखान्यात होणार नाही. जमीन फार जुनी आहे. चारशे वर्षांचं लाकूड आहे, ते नालांखाली खराब होईल. बोलताना तिला आपलाच आवाज माहितीपुस्तकासारखा ऐकू येत होता.

आधी कुणाचा विश्वासच बसेना. मग हुबाचेकने ग्लास पुसता पुसता सगळ्यांच्या मनातलं बोलून दाखवलं. “तीन वर्षं आम्हाला सांगितलंस, आपल्या बापजाद्यांनी बांधलेली जमीन आहे, आपण नाचणारच. आणि आता म्हणतेस, लाकूड खराब होईल. कोलाचे गोड असतात ना गं बाईसाहेबाकडचे?”

लोक हसले. हे हसणं तिच्या ओळखीचं होतं. ‘कलाप्रेमी’ वाचल्यावरचं हसणं ते हेच. तिला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. सिद्धही करता आलं असतं. सगळ्यांना दिवाणखान्यात न्यायचं आणि एकाला म्हणायचं, टाच आपट. तेवढंच करावं लागलं असतं. पण जमिनीखालच्याला आता आपली आणि व्हेंदाची चाल येते, हे तिला दिसत होतं. उद्या इथल्या पन्नास पोरांची येईल.

“लाकूड खराब होईल,” ती पुन्हा म्हणाली.

कोपऱ्यात व्हेंदा बसला होता. तो काहीतरी बोलेल म्हणून सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मानकरी होता तो. त्याने ग्लासात बघत म्हटलं, की ताईचं बरोबर आहे. कुणीतरी थुंकलं. सभा मोडली.

रविवारी जत्रा चौकात झाली, फरसबंदीवर. ऊन छान होतं, वारा नव्हता, आलुबुखाराच्या दारूचा वास सगळीकडे. वेर्बुंकची सुरुवात दुसऱ्याच पोराने केली. व्हेंदाचा पाय मुरगळलाय, असं सांगितलं होतं. लांब पीस त्या पोराच्या टोपीला लागलं. रादकाच्या टेबलाशी कुणी बसलं नाही. तिने प्रत्येक ठोका कान देऊन ऐकला. टाचा खाली यायच्या, पोरं थांबायची, आणि मागून काही यायचं नाही. दगडाखाली नुसता दगड. आपण वाचवलं, असं तिला मनाशी म्हणून बघायचं होतं, पण जमेना. कुणाला वाचवलं ते कुणाला ठाऊकच नव्हतं.

थोड्या वेळाने व्हेंदा ग्लास घेऊन आला आणि गुपचूप तिच्यासमोर बसला. दोघं नाच बघत राहिली. टाळ्यांना हात उचलताना तिची नजर टेबलाखाली गेली. त्याने दोन्ही पाय बाकाच्या आडव्या दांडीवर चढवून ठेवले होते.

स्वतःच्या पायांकडे बघायची तिला गरज नव्हती. वर आखडून घेतलेले गुडघे मघापासून दुखत होते.

७

मंगळवारी दिवाणखाना पुन्हा खुला करायचा होता. सकाळी लवकर रादका आत गेली. बूट मधोमध होते, तिने सोडले तिथेच, तसेच जोडीने. ती सरकत गेली, खाली न बघता वाकली आणि लोखंडी नालांचे दोन्ही बूट एकाच वेळी अलगद उचलले.

पाच रात्री थंडीच्या गेल्या होत्या; खिडक्यांच्या काचांवर दव होतं. बूट आतून गरम होते.

तिने ते देवडीतल्या पेटीच्या तळाशी ठेवले आणि वरून सपाता रचल्या. बाईसाहेब जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. हातात नव्या सपातांचा जोड, तळाला नमद्याचा दुपदरी थर. “तुझ्या मापाच्या केल्यात,” ती म्हणाली. “डाव्या पायाला जरा जास्त लावलाय. तो पाय तू ओढतेस.”

रादकाने त्या घेतल्या. बाईने हे कधी पाहिलं, की नुसतं खालून ऐकलं, ते तिने विचारलं नाही.

नऊ वाजता पहिली मंडळी आली. शेजारच्या गावची शाळा होती. पोरांनी सपातांवर झडप घातली, एकमेकांना ढकललं. येरोनिमच्या चित्रासमोर रादका नेहमीप्रमाणे थांबली. किल्ल्याचं, खंदकाचं, जंग्यांचं, वेठीचं सगळं सांगितलं. त्यातलं काही गाळलं नाही. स्वतःच्या जमिनीला घाबरणारे सरदार तेवढे गाळले.

चष्मेवाल्या एका मुलीने चित्राच्या पायांकडे बोट दाखवलं. “यांनी पण घातल्यात. यांना कोण ओरडणार होतं?”

“लाकूड खराब होऊ नये म्हणून,” रादका शांतपणे म्हणाली.

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. तिला ते पटलं नव्हतं. अशा पोरींना पटत नाही. रादकाला ते चांगलं माहीत होतं. तिने वाकून त्या मुलीच्या सपातेचा सैल पट्टा नीट ओढला, घट्ट केला, आणि मग आवाज न चढवता सगळ्यांना सांगितलं.

“चला आता. पाय उचलायचा नाही. घसरत चालायचं.”